शुभ ठरवलेल्या माणसाची किंमत

ठाणे-वाशी लोकलच्या डब्यात दाराशेजारच्या पत्र्यावर एक स्टिकर हमखास दिसतो. वशीकरण, सौतन, गृहक्लेश, नोकरी, धंद्यात खोट, चोवीस तासांत शंभर टक्के काम, आणि खाली मोबाइल नंबर. कुणीतरी तो नखानं अर्धा खरवडलेला असतो आणि त्याच्यावरच दुसऱ्या बाबाचा ताजा स्टिकर डकवलेला असतो. ऐरोलीला, घणसोलीला उतरणारी पोरंपोरी त्याचे फोटो काढून हसतात. हसण्यासारखंच आहे ते. पण स्टिकर छापायला आणि डब्याडब्यांत चिकटवायला पैसे लागतात, आणि वर्षानुवर्षं ते खर्च होतायत, म्हणजे त्या नंबरांवर फोन जातात.

टांझानिया, मलावी, मोझांबिक, बुरुंडी या आफ्रिकी देशांत अल्बिनिझम असलेल्या, म्हणजे जन्मतःच कातडी-केसांत रंग नसलेल्या किंवा फार कमी असलेल्या माणसांवर अवयवांसाठी हल्ले होतात, खून पडतात. आपल्याकडे ही बातमी आली की तिचा सूर ‘बघा, तिकडे अजून काय काय चालतं’ असा असतो. मला तो सूर पटत नाही. या हल्ल्यांमागे एक साखळी असते: अडलेला किंवा हावरा गिऱ्हाईक, त्याला उपाय विकणारा मांत्रिक, आणि त्या उपायासाठी लागणारं ‘सामान’ आणून देणारी माणसं. यातल्या पहिल्या दोन कड्या आपल्या लोकलच्या डब्यात रोज दिसतात. तिसरी कडी तिकडे कशी जोडली गेली आणि ती तोडायचे कोणते प्रयत्न झाले, ते समजून घेण्यासाठी हा लेख.

आधी शरीराचं बोलू

आपल्या कातडीला, केसांना आणि डोळ्यांना रंग देणारं द्रव्य म्हणजे मेलॅनिन. ते शरीरातच तयार होतं. त्यासाठी टायरोसिनेज नावाचं एन्झाइम आणि आणखी काही प्रथिनं लागतात, आणि ती कशी घडवायची याच्या सूचना जनुकांत असतात. यातल्या एखाद्या जनुकात बदल झाला की मेलॅनिन फार कमी बनतं किंवा बनतच नाही. मूल जन्मतःच खूप गोरं, केस पांढरे किंवा भुरे, डोळे निळसर, करडे किंवा फिकट तपकिरी. हाच अल्बिनिझम. हा संसर्ग नाही. कोड वेगळं: त्यात जन्माच्या वेळी रंग असतो आणि पुढे चट्ट्याचट्ट्यानं जातो. कुष्ठरोगाचा तर याच्याशी काडीचाही संबंध नाही.

बहुतेक प्रकारांत मुलाला आई आणि वडील अशा दोघांकडून बदललेली प्रत मिळावी लागते. एकच प्रत असलेल्या माणसात बाहेरून काही दिसत नाही, त्यामुळे दोघंही सावळे, दोन्हीकडचे आजी-आजोबा सावळे आणि मूल पांढरंशुभ्र असं होऊ शकतं. आईबाप दोघांकडे अशी प्रत असली तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला अल्बिनिझम असण्याची शक्यता चारात एक. ‘पहिलं तसं झालं, आता पुढची तीन नीट होणार’ हा हिशेब चुकीचा आहे, दर वेळी फासा नव्यानं पडतो. मामेबहिणीशी, आतेभावाशी लग्न करायची रीत जिथे आहे तिथे ही शक्यता वाढते, कारण एकाच आजोबांकडून आलेली प्रत दोन्ही बाजूंनी भेटते. (फक्त डोळ्यांवर परिणाम करणारा एक प्रकारही आहे. तो आईकडून मुलग्यांकडे जातो.)

हे गणित ठाऊक नसलं की दोष आईच्या पदरात पडतो. आफ्रिकेतल्या बऱ्याच भागांत तिच्यावर गोऱ्या माणसाशी संबंध ठेवल्याचा किंवा भुताची बाधा झाल्याचा आळ येतो आणि नवरा घर सोडून जातो. आपल्याकडे ग्रहण आहे. कळव्यातलं एक कुटुंब माझ्या ओळखीचं आहे. तिथल्या मुलीच्या जन्मानंतर आजे सासूबाईंनी सुनेला पहिला प्रश्न विचारला होता, “ग्रहणात काय चिरलं होतंस?” सुनेनं शांतपणे सांगितलं, “आजी, त्या दिवशी मी कामावर होते. डबा तुम्हीच केला होता.”

डोळ्यांची गोष्ट लोकांना सगळ्यात कमी माहीत असते, म्हणून ती जरा सविस्तर. मेलॅनिन फक्त रंगापुरतं नसतं. गर्भात डोळा घडत असताना त्याची गरज लागते. ते कमी पडलं की पडद्यावरचा सगळ्यात तीक्ष्ण नजरेचा मधला भाग नीट घडत नाही आणि डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंची वाटणीही वेगळी होते. म्हणून चष्मा लावूनही पूर्ण दिसत नाही. बुबुळं सतत इकडून तिकडे हलत राहतात, याला नायस्टॅगमस म्हणतात. मान एका विशिष्ट कोनात वळवली की हे हलणं कमी होतं आणि थोडं स्पष्ट दिसतं, हे मूल आपलं आपणच शोधून काढतं. मग वर्गात बाई ओरडतात, “सरळ बघ, वाकडी मान करून काय बघतोस?” ते बिचारं सरळ बघायला लागतं आणि फळा पुसट होतो. ऊन आणि चकाकी तर सहनच होत नाही. टीएमटीच्या बसचा नंबर बस अगदी अंगावर आल्याशिवाय वाचता येत नाही, स्टेशनातला इंडिकेटर लांबून नुसता लाल ठिपक्यांचा पट्टा दिसतो. बुद्धीचा यात कुठेही प्रश्न नाही.

आणि कातडी. मेलॅनिन उन्हापासून कातडीचं रक्षण करतं, तेच नसलं की ती भाजते, जखमा होतात आणि पुढे त्वचेचा कर्करोग होतो. विषुववृत्ताजवळच्या देशांत शेतात, बाजारात, तळ्यावर दिवसभर उन्हात काम करणाऱ्यांना तो ऐन तारुण्यात गाठतो. तिथे अल्बिनिझम असलेल्यांचे जितके जीव ऊन घेतं तितके हल्लेखोर घेत नाहीत. उन्हाची बातमी होत नाही, इतकंच.

युरोप-अमेरिकेत साधारण १७ ते २० हजार माणसांत एकाला अल्बिनिझम असतो. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत हे प्रमाण ५ ते १५ हजारांत एक असं सांगतात, आणि टांझानियासाठी तर १,४०० मध्ये एक असाही अंदाज दिला जातो. म्हणजे तिथे गावोगाव असं कुणीतरी असतं. सगळ्यांना माहीत असलेलं, लपता न येणारं.

बाजार कसा उभा राहिला

‘आफ्रिकेतली हजारो वर्षांची प्रथा’ असं वाचलं असेल तर ते अर्धवट आहे. अल्बिनिझमबद्दलचे गैरसमज जुने आहेत: ही माणसं मरत नाहीत, नाहीशी होतात; ही भुतं आहेत; हा कुळाला शाप आहे. पण अवयव कापून विकण्याची जी लाट जगासमोर आली ती २००७ च्या सुमारास, टांझानियाच्या वायव्येला, व्हिक्टोरिया सरोवराच्या आसपास. म्वान्झा, शिन्यांगा, गेइटा हा तो पट्टा. २००८ मध्ये बीबीसीच्या टांझानियातल्या पत्रकार व्हिकी न्तेतेमा गिऱ्हाईक बनून मांत्रिकांकडे गेल्या आणि तिथला भाव उघड केला. नंतर त्यांना जिवाच्या धमक्या आल्या.

हाच पट्टा का? इथे दोन मोठे धंदे आहेत, सोन्याच्या छोट्या खाणी आणि सरोवरातली मासेमारी. दोन्ही बेभरवशाचे. शेजारच्या खड्ड्यात सोनं लागतं, आपल्या नाही. एकाची होडी भरून येते, दुसऱ्याची रिकामी. मेहनत दोघांची सारखीच. अशा ठिकाणी यशाचं कारण नशिबात शोधायची सवय लागते, आणि जिथे नशीब विकत घ्यायला गिऱ्हाईक तयार असतं तिथे ते विकणारा उभा राहतोच. २०१० मध्ये अभ्यासकांच्या एका गटानं याच खाणपट्ट्यातल्या कामगारांबद्दल लिहिलं, तेव्हा खाणीतली अनिश्चितता, तिथे आलेला नवा पैसा आणि मांत्रिकांचा धंदा यांची सांगड त्यांनी दाखवली. केस जाळ्यात विणले की मासे लागतात, हाड पुरलं की सोनं वर येतं, असल्या कल्पना तिथे पसरल्या होत्या. निवडणुका जवळ आल्या की भीती आणखी वाढायची. निवडून येण्यासाठी उपाय करणारे उमेदवार कुठल्या देशात नसतात?

आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या २००९ च्या अहवालात पूर्ण ‘संचा’चा, म्हणजे एका माणसाच्या अवयवांचा, भाव ७५,००० डॉलर दिला होता. त्या वेळच्या दरानं पस्तीस लाख रुपयांच्या घरात. हा आकडा दोन गोष्टी सांगतो. पहिली, एवढे पैसे देणारा गिऱ्हाईक झोपडीतला अडाणी माणूस नसतो, त्यामुळे ‘गरीब, अशिक्षित लोकांची अंधश्रद्धा’ हे सोपं उत्तर गळून पडतं. दुसरी, असा आकडा बातमीत छापून आला की तो स्वतःच जाहिरात होतो. गिऱ्हाईक प्रत्यक्षात भेटो न भेटो, कुणीतरी कोयता घेऊन निघतो.

हे अविश्वसनीय वाटत असेल तर मांडूळ आठवा. बिचारा निरुपद्रवी, बिनविषारी साप. शेपूट बोथट, म्हणून लोक त्याला दुतोंड्या म्हणतात. तो घरात असला की पैशाचा पाऊस पडतो, गुप्तधन सापडतं, असल्या थापांवर तो लाखांच्या बोलीनं विकायला निघतो आणि ठाण्या-नवी मुंबईत असे विक्रेते पकडल्याच्या बातम्या येत असतात. एवढी किंमत देऊन मांडूळ घेतलं आणि श्रीमंत झालो, असा माणूस कुणी पाहिलेला नाही. तरी साप मरतात, माणसं लुबाडली जातात, तुरुंगात जातात. बाजार चालायला वस्तूत गुण असावा लागत नाही. ‘कुणीतरी घेणारा आहे’ एवढी कुजबुज पुरते.

हातगुण

या विषयावर वाचताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आणि ती पुरेशी बोलली जात नाही असं मला वाटतं. आपण अशुभाच्या समजुतींना घाबरतो, शुभाच्या समजुतींकडे कौतुकानं पाहतो. जिवाला धोका जास्त करून शुभाच्या समजुतीतून येतो.

कुणाला अशुभ ठरवलं की त्याला हाकलतात. पांढऱ्या पायाची म्हणतात, लग्नकार्यात पुढे येऊ देत नाहीत, शेजारी बसवत नाहीत. वाईटच आहे, आयुष्य नासवणारं आहे. पण शुभ ठरवलं की त्या माणसाच्या शरीराला भाव येतो. टांझानियात अल्बिनिझम असलेल्या माणसाला लोक शापितही मानत होते आणि त्याच्या हाडाला भाग्याचंही मानत होते. शापित असल्यामुळे त्याच्यासाठी रडणारं कुणी उरलं नाही आणि भाग्याचं असल्यामुळे त्याला गिऱ्हाईक मिळालं.

हे आपल्या ओळखीचं आहे. पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, माणसाला गुप्तधन दिसतं असं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं. ऐकायला किती छान! पण त्याच समजुतीपायी गुप्तधन काढायला पायाळू मूल शोधलं जायचं, आणि कशासाठी ते सांगायला नको. परभणी जिल्ह्यातल्या मानवत गावात १९७२ ते १९७४ दरम्यान मुली आणि बायकांचे एकामागून एक खून पडले, त्यामागेही गुप्तधन आणि मांत्रिकाचा सल्ला होता. मानवतचं नाव घेतलं की जुनी माणसं आजही गप्प होतात.

पनामात गुना नावाचे आदिवासी आहेत. त्यांच्यात अल्बिनिझमचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त असलेल्यांपैकी एक आहे. ते या मुलांना चंद्राची मुलं म्हणतात. ग्रहणात चंद्राला गिळणाऱ्या राक्षसावर बाण सोडायचा मान त्यांचा. हे उदाहरण ‘बघा, किती सुंदर’ म्हणून दिलं जातं आणि तिथे या मुलांना मान मिळतो हे खरंच आहे. तरी माझी शंका राहते. मूल खास आहे असं एकदा ठरलं की त्या खासपणाचा उपयोग कोण आणि कशासाठी करून घेईल, यावर त्या मुलाचा ताबा राहत नाही.

कळव्यातल्या त्या मुलीच्या इमारतीत बायकांची भिशी चालते. चिठ्ठी लहान मुलाच्या हातून काढायची पद्धत. दोनदा हिच्या हातून काढली, आणि तिसऱ्या महिन्यात एक मावशी म्हणाल्या, “वहिनी, तुमच्या छकुलीलाच काढू दे गं. तिचा हातगुण चांगलाय, मागल्या वेळी माझाच नंबर लागला.”

“चिठ्ठी कुणीही काढू दे मावशी, हिला नाही,” आई म्हणाली. मावशींना राग आला. कौतुकानं बोलले तर एवढं काय झोंबलं, असं त्या चार घरी बोलून आल्या. मला आईनं नंतर सांगितलं, “आज चिठ्ठी. उद्या कुणी दुकानाच्या पूजेला नेईल, परवा आकडा विचारेल. मला पोरीला शाळेत घालायचंय, देव्हाऱ्यात नाही.”

भारतात अल्बिनिझम असलेल्यांच्या अवयवांचा तसा संघटित बाजार दिसलेला नाही. मावशी तर अगदी साध्या, प्रेमळ बाई आहेत. पण आईनं नेमकी जागा ओळखली.

वाचवायचं म्हणजे काय करायचं

टांझानियानं बरंच काही करून पाहिलं. २००९ मध्ये लोकांकडून गुप्त चिठ्ठ्या मागवल्या: तुमच्या भागात कुणावर संशय आहे, नाव लिहून पेटीत टाका. त्याच वर्षी पहिल्या फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या (टांझानियात १९९० च्या दशकाच्या मध्यापासून कुणाला प्रत्यक्ष फाशी दिलेली नाही). २०१५ च्या जानेवारीत मांत्रिकांवर बंदी घातली आणि पुढच्या महिन्यांत २०० हून अधिक जण पकडले. ऐकायला दणदणीत. पण गुप्त चिठ्ठीत कुणीही कुणाचंही नाव लिहू शकतो, आणि त्याच पट्ट्यात म्हाताऱ्या बायकांना चेटकीण ठरवून मारायचा इतिहास आहे. शेणाच्या गोवऱ्यांच्या धुरानं लाल झालेले डोळे, एवढा पुरावा त्यासाठी पुरत असे. आपल्या सातपुड्यात डाकीण ठरवलेल्या बायकांची गोष्ट याहून फार निराळी नाही. शिवाय तिथे झाडपाल्याचं औषध देणारे आणि माणसाचं हाड मागणारे यांच्यात फरक न करता सगळ्यांना एका दावणीला बांधलं, तर गावातली माणसं पोलिसांना सांगायचीच थांबतात. ज्यांचा दवाखाना चाळीस किलोमीटरवर आहे त्यांचा रोजचा वैद्य तोच असतो.

मग मुलांना वाचवण्यासाठी त्यांना एकत्र ठेवलं. शिन्यांगातली बुहांगिजा, म्वान्झाजवळची मितिंडो अशा खास शाळांत, भिंतीआड. काही मुलं तिथे अगदी लहानपणी आली आणि वर्षानुवर्षं राहिली. जीव वाचले, हे नाकारता येणार नाही. पण घर तुटलं, काहींची आई परत आलीच नाही, मुलं दाटीवाटीत वाढली. गुन्हेगार मोकळे आणि मुलं कोंडलेली, हा कसला बंदोबस्त? तातडीचा उपाय कायमचा झाला की तो शिक्षेसारखा वाटायला लागतो, आणि तो भोगणारा प्रत्येक वेळी ज्याच्यावर हल्ला झाला तोच असतो.

बुरुंडीतल्या रुयिगी इथल्या न्यायालयानं २००९ मध्ये अवयव टांझानियात विकणाऱ्यांना शिक्षा केली. त्यातून हे प्रकरण सीमेपार चालतं हे कळलं. २०१० मध्ये टांझानियात एका केनियन माणसाला १७ वर्षांची कैद झाली. त्यानं अल्बिनिझम असलेल्या आपल्याच देशातल्या तरुणाला नोकरीचं आमिष दाखवून सीमेपलीकडे आणलं होतं आणि त्याला जिवंत विकायला काढलं होतं. गिऱ्हाईक बनून आलेले पोलीस होते म्हणून तो वाचला.

इथे एक कटू गोष्ट. रात्री दार फोडून आत येणाऱ्या टोळीला घर दाखवणारा बऱ्याचदा घरचाच असतो. मलावीत २०१४ च्या अखेरीपासून हल्ले वाढले. तिथल्या २०१८ मधल्या एका खुनाचा निकाल २०२२ मध्ये लागला आणि दोषींमध्ये मृत तरुणाचा सख्खा भाऊ, एक कॅथलिक धर्मगुरू, एक पोलीस आणि एक आरोग्य कर्मचारी निघाले. अंधश्रद्धा ‘त्या’ लोकांची असते असं मानणाऱ्यांनी ही यादी पुन्हा वाचावी. भाऊ, धर्मगुरू, पोलीस, आरोग्यसेवक: संकटात आपण ज्या चार दारांवर थाप मारतो, तीच ही चार दारं.

त्या खटल्यात तरी साखळी बऱ्यापैकी वरपर्यंत उलगडली. एरवी पकडला जातो तो कोयतेवाला, फार तर मध्यस्थ. मांत्रिक कमी वेळा, आणि पैसे मोजणारा जवळजवळ कधीच नाही. अंडर द सेम सन ही संस्था या हल्ल्यांची नोंद ठेवते. तिच्याकडे साधारण ३० आफ्रिकी देशांतले २०० च्या वर खून आणि शेकडो हल्ले नोंदलेले आहेत, त्यात कबरी उकरल्याचेही प्रकार आहेत. घरच्यांनी म्हणून सिमेंट ओतून कबरी पक्क्या केल्या. एवढ्या नोंदींसमोर गिऱ्हाइकांची नावं शोधायला गेलात तर हाताला फारसं काही लागत नाही. मागणी शाबूत ठेवून पुरवठा करणाऱ्यांना कितीही लटकवलं तरी जागा रिकामी राहत नाही.

कायद्यात हळूहळू भर पडत गेली. मलावीनं २०१६ मध्ये दंडविधानात आणि मानवी अवयवांसंबंधीच्या कायद्यात शिक्षा वाढवल्या. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये या विषयासाठी स्वतंत्र तज्ज्ञ नेमल्या, इक्पोन्वोसा एरो. त्या नायजेरियाच्या आणि त्यांना स्वतःला अल्बिनिझम आहे. जादूटोण्याचे आरोप आणि विधींसाठीचे हल्ले थांबवावेत असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेनं २०२१ मध्ये केला. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आफ्रिकी मानवाधिकार न्यायालयानं निकाल दिला की या नागरिकांचे हक्क राखण्यात टांझानिया सरकार कमी पडलं. या न्यायालयाची कचेरी टांझानियातच, अरुशा शहरात आहे.

मला स्वतःला आशा वाटते ती याहून साध्या कामांची. टांझानियात किलिमांजारो डोंगराच्या पायथ्याशी मोशी नावाचं शहर आहे. तिथल्या त्वचारोग केंद्रात किलिसन नावाचं सनस्क्रीन तिथल्या तिथे बनवून अल्बिनिझम असलेल्यांना मोफत देतात. यात सुरक्षेचा काय संबंध? क्रीम न्यायला माणूस दवाखान्यात येतो, त्याची नोंद होते, डोळे तपासले जातात, चष्मा मिळतो, पोर शाळेत टिकतं. गावात चार माणसांना त्याचं नाव माहीत असतं. हल्लेखोर शोधतो तो एकटा पडलेला माणूस. टांझानियात २००८ मध्ये अल-शायमा क्वेगिर संसदेवर नियुक्त झाल्या आणि २०१० मध्ये सालुम बारवानी निवडून आले. दोघांनाही अल्बिनिझम आहे. केनियात अपील न्यायालयाच्या न्यायाधीश मुंबी न्गुगी यांनाही अल्बिनिझम आहे. ज्याला आपण मतं मागताना पाहिलं, निकाल देताना पाहिलं, तो भूत आहे असं पोरांना पटवणं जड जातं.

आपल्या हातात काय आहे

आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा म्हणतात तो २०१३ चा. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती त्यासाठी वर्षानुवर्षं झगडत होते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळानं कायदा मंजूर केला. कमीत कमी सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

खुनासाठी कलम आधीपासून आहेच. या कायद्याची खरी किंमत खून पडण्याआधी कळते. गुप्तधनासाठी किंवा करणी-भानामतीच्या नावाखाली अमानुष, अघोरी कृत्य करणं तर गुन्हा आहेच, पण तसा सल्ला देणं, चिथावणं, त्याचा प्रसार करणं हाही गुन्हा आहे. एखाद्याला तो करणी करतो, त्याच्यामुळे रोगराई येते असं ठरवून त्याचं जगणं मुश्कील करणं हेही यात बसतं. म्हणजे साखळीतली मधली कडी, मांत्रिक, इथे थेट सापडते. कुणी ‘अमुक मुलाच्या केसांनी धंदा चालेल’ असं सांगत असेल तर काही घडायची वाट बघायची गरज नाही. पोलीस ठाण्यात तक्रार द्यायची आणि या कायद्याचं नाव घेऊन द्यायची. कायद्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे, तो पोलीस निरीक्षक दर्जाचा असतो. तातडीचं असेल तर ११२, मुलाच्या बाबतीत १०९८. आणि आजार बरा करण्यासाठी मंत्र, ताईत, कवच यांची जाहिरात करण्यावर १९५४ पासून केंद्राचा वेगळा कायदा आहे, हे लोकलमधल्या स्टिकरवाल्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

दुसरा कायदा लोकांना सुचतच नाही: दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा, २०१६ चा. त्यातल्या २१ प्रकारांत अल्बिनिझमचं वेगळं नाव नाही. पण अल्पदृष्टी आहे, आणि चष्मा लावूनही नजर त्या निकषात बसत असेल तर प्रमाणपत्र मिळू शकतं. त्याच कायद्याचं कलम ९२ सांगतं की दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान करणं किंवा तिला धमकावणं याला सहा महिने ते पाच वर्षांची कैद आहे. नाक्यावर रोज ‘ए इंग्रज’ म्हणून मागे लागणाऱ्या टोळक्याला हे एकदा वाचून दाखवलं तर बराच फरक पडतो.

आणि मोबाइल. आफ्रिकेतले रक्तबंबाळ फोटो ‘जास्तीत जास्त शेअर करा’ म्हणून पुढे ढकलू नका. त्यातल्या माणसांनाही अब्रू आहे, आणि भाव सांगणारा मेसेज कुठल्या हातात पडेल ते आपल्याला ठाऊक नसतं. भीतीच्या मेसेजचं काय होतं ते आपण पाहिलंय. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवांपायी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. तिथे तर मुलांना वाचवायचंच होतं, असं सगळे म्हणत होते.

१३ जून हा आंतरराष्ट्रीय अल्बिनिझम जागृती दिन. २०१३ मध्ये याच तारखेला मानवाधिकार परिषदेनं या विषयावरचा पहिला ठराव केला, आणि २०१५ पासून हा दिवस पाळला जातो. आपल्याकडे तो शाळा उघडायच्या तोंडावर येतो, ते सोयीचंच आहे. घरात असं मूल असेल तर पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटा. पहिला बाक द्या, पण खिडकीच्या उजेडाकडे तोंड नको. मान तिरकी केली तर ओरडू नका. फळ्यावर लिहिताना मोठ्यानं वाचत जा. मैदानावर टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि गडद चष्मा चालू द्या, गणवेशात बसत नसला तरी. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) यांचा अर्ज आठवी-नववीतच करून टाका. मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका, लेखनिक, जादा वेळ हे सगळं त्या कागदावर अवलंबून असतं, आणि दहावीचे फॉर्म भरायला लागले की तपासणीच्या तारखा पटकन मिळत नाहीत.